माशांची पेटी आणि लांकडी जमीन

कांचेच्या पेटींत पाणी भरून मासे पाळण्याच्या आधुनिक छंदाचा उगम विलायतेंतला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें १८५३ सालीं मत्स्यगृह उघडलें आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथानें ही आवड तेथील मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत नेली. मुंबईत १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालें. तें पाहून घरीं परतलेल्या किती मुलांनीं वडिलांपाशीं माशांसाठीं हट्ट धरला असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाहीं. माशांचें खाणें, पाण्याची निगा, दिव्याची सोय यांविषयीं हौशी माणसें आपसांत पुष्कळ बोलतात. परंतु जेथें घराची जमीनच लांकडी आहे, तेथें एक प्रश्न या सर्वांच्या आधींचा असतो, आणि तो बहुधा पेटी भरून झाल्यावर सुचतो : ही जमीन हें वजन पेलील काय?

पुण्यांतील जुने वाडे, वाई-नाशिकच्या पेठांतलीं घरें, मुंबईत गिरगांव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांतल्या १९४० पूर्वींच्या चाळी, यांत अशा जमिनी अद्यापहि आढळतात. रचना ठिकाणपरत्वें थोडी बदलते, तत्त्व मात्र एकच. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, किंवा भिंतीपासून जाड तुळईपर्यंत, फूट-दीड फूट अंतरानें लांकडाच्या कड्या टाकलेल्या असतात; त्यांवर फळ्या; आणि फळ्यांवर कोठें मातीचा थर, कोठें चुन्याचा कोबा, कोठें लाद्या. खालच्या बिऱ्हाडांत मान वर केली कीं जो कडीपाट दिसतो, तीच वरच्या बिऱ्हाडाची जमीन होय. वजन शेवटीं येतें तें कड्यांवर. फळी केवळ निरोप्याचें काम करते.

आतां वजनाचा हिशोब. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी घरगुती पेट्यांत मोठी समजली जाते. तींत कांठापासून दोन इंच खालपर्यंत पाणी भरलें तर तें सुमारें २२५ लिटर होतें, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १० मिलिमीटर जाडीच्या कांचेचें वजन ५० किलो. तळाशीं दोन इंच वाळू घातली तर ती आणखी ४५ किलो. खालची लांकडी घोडी ३५ किलो. वाळूनें बाजूला सारलेलें पाणी वजा घातलें तरी एकूण ३४० किलोंच्या आसपास भार होतो, आणि तो सगळा सहा चौरस फूट जागेवर.

राहत्या खोल्यांसाठीं माणसें व सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो भार धरावा, असें भारतीय मानक ८७५ च्या १९८७ च्या आवृत्तींत सांगितलें आहे. पेटीच्या खालच्या जागेपुरतें पाहिलें तर भार याच्या तिप्पट भरतो. येथें पुष्कळ लोक घाबरून जातात, आणि तें घाबरणें अर्धें चुकीचें आहे. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीला याच मानानें सव्वादोन हजार किलो पेलतां आले पाहिजेत; त्या मानानें ३४० किलो कांहींच नव्हेत. जमीन खोलीभर एकसारखें वजन घेण्यास समर्थ असते, म्हणून एका कोपऱ्यांतलें वजन आपोआप खोलीभर वांटलें जातें असें मात्र नाहीं. शिवाय वाड्यांच्या जमिनी कोणत्याहि मानकाप्रमाणें बांधलेल्या नाहींत, आणि चार इंचांचा मातीचा थर असला तर त्याचाच दर चौरस मीटरला दीडशे किलोंहून अधिक भार त्या कड्या पिढ्यान्‌पिढ्या वाहत आलेल्या असतात.

यावर एक ठराविक उत्तर ऐकूं येतें. “सत्यनारायणाला याच खोलींत तीस माणसें बसलीं होतीं, काय झालें?” कांहीं झालें नाहीं हें खरें, पण तीं माणसें प्रसाद घेऊन घरीं गेलीं. पेटी जात नाहीं. लांकडाचा हा स्वभाव ध्यानांत घेण्यासारखा आहे कीं थोडा वेळ जेवढा भार तें सोसतें, तेवढा दीर्घकाळ सोसत नाहीं. अमेरिकेंतील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेच्या १९५१ सालच्या अभ्यासावरून असें दिसतें कीं, कांहीं मिनिटांच्या परीक्षेंत लांकूड जो भार घेऊन मोडतें, त्याच्या सुमारें ६० टक्के भार दहा वर्षें तसाच राहिला तरी तें मोडूं शकतें. मोडण्याची वेळ सहसा येत नाहीं, परंतु बांक वाढत जातो. पहिल्या दिवशीं कडी जेवढी लवते, त्यावर आणखी निदान निम्मा बांक वर्षांच्या ओघांत येतो, आणि लांकूड दमट असेल तर त्याहूनहि जास्त.

म्हणून वजन किती यापेक्षां तें कोठें व कसें ठेवलें याला अधिक महत्त्व आहे. प्रथम कड्यांची दिशा शोधावी. फळ्या उघड्या असतील तर खिळ्यांच्या ओळी जिकडे धांवतात तिकडेच कड्या धांवतात. लाद्या असतील तर खालच्या बिऱ्हाडांतून वर पाहणें हाच मार्ग, आणि त्या निमित्तानें शेजाऱ्यांना आपला बेतहि कळतो, जें अन्यथा पाणी टपकूं लागल्यावर कळलें असतें. पेटीची लांबी कड्यांना आडवी आली तर तिच्याखालीं तीन-चार कड्या येतात आणि प्रत्येकीच्या वांट्याला शंभर किलोंच्या आसपास भार जातो. तीच पेटी कड्यांच्या दिशेनें लांब ठेवली तर बहुतेक सर्व भार एका-दोघींवर पडतो.

दुसरी गोष्ट भिंतीपासूनच्या अंतराची. कड्यांची टोंकें ज्या भिंतींत गेलीं आहेत तिच्याजवळ पेटी ठेवणें यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें फार सोयीचें. बारा फूट लांबीची कडी घ्या. पेटी भिंतीपासून तीन-चार इंच सोडून ठेवली तर तिचा मध्य भिंतीपासून फुटाभरावर येतो, आणि कडीला वांकविणारा जोर खोलीच्या मध्यभागीं पेटी ठेवली असतां जितका येईल त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी होतो. येथपर्यंतचा सल्ला कोणीहि जाणकार देतो. पण त्याच हिशोबाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. भाराच्या बारा भागांपैकीं अकरा भाग आतां एकट्या जवळच्या टोंकावर येतात, आणि जुन्या घरांत कडीचा सर्वांत संशयास्पद भाग कोणता असेल तर तो हेंच टोंक!

भिंतींत पुरलेल्या टोंकाला वारा लागत नाहीं. पश्चिमेकडची भिंत असेल तर चार महिने पावसाचा मारा तिच्यावर होतो. भिंतीपलीकडे मोरी असेल तर ओल बारमाही. लांकडांतील ओलाव्याचें प्रमाण वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिलें कीं तें कुजविणारी बुरशी धरूं लागते. जुन्या सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाहीं, पण कडेचा पांढरट भाग देतो. आणि दुरुस्तींत मागाहून घातलेली कडी सागाचीच असेल असा भरंवसा नाहीं. बाहेरून रंग दिलेली, सरळ दिसणारी कडी भिंतीशीं पोंचतां पोंचतां पोकळ झालेली असूं शकते. सबब जागा ठरविण्यापूर्वीं खालून शिडी लावून प्रत्येक टोंक तपासून घ्यावें. लांकडी मोगरीनें ठोकल्यास निकोप लांकूड खणखणीत बोलतें, कुजकें बद्द आवाज देतें. टोंकदार आरी दाबून पाहिल्यास निकोप लांकडांत ती फारशी शिरत नाहीं. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहेच असें समजावें. ज्या भिंतीला ओल आहे ती, कितीहि सोयीची असली तरी, वर्ज्य. मुंबईंतील ज्या इमारतीचें नांव पावसाळ्यापूर्वीं जाहीर होणाऱ्या धोकादायक इमारतींच्या यादींत आहे, तेथें तर हा विचारच करूं नये. मग कडी कशीहि वाजो.

जमीन अशक्त आढळली तर प्लायवुडचा मोठा तक्ता अंथरून काम भागेल, असें पुष्कळांना वाटतें. तक्त्यानें घोडीच्या पायांखालच्या फळ्या दबण्याचें टळतें, एवढेंच. चार-पांच फूट दूरच्या कडीपर्यंत वजन पोंचविण्याइतका ताठपणा त्यांत नसतो. खरा उपाय कड्यांना जोडकड्या देणें किंवा खालून टेकू लावणें. इंग्लंड-अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हें सोपें जातें. तेथील अनेक घरांत तळमजल्याचीच जमीन लांकडी व उचललेली असते, आणि खालच्या पोकळींत काँक्रीटच्या पायावर खांब उभा करतां येतो. गिरगांवांत त्या जागीं दुसऱ्याचा संसार असतो. तेथें शहाणपण पेटी लहान करण्यांत आहे : दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटी घोडीसकट ऐंशी किलोंच्या आसपास भरते, म्हणजे एका भरदार गृहस्थाइतकी.

जागा निश्चित झाल्यावर घोडी पाणसळ लावून सपाट करावी व जेथें पाय अधांतरीं राहील तेथें कठीण लांकडाची पाचर द्यावी. एक कोपरा किंचित् खालीं राहिला तरी कांच पिळली जाऊन सांध्यांत फुटते. भिंतीकडे सोडलेली जागा बुजवूं नये. वारा तेथून खेळतो आणि ओल दिसूं शकते. पेटी एकदम फुटून होणाऱ्या अनर्थाची सर्वांना धास्ती असते, परंतु सांध्यांतून दिवसाला वाटीभर झिरपणारें पाणी लांकडाला अधिक घातक, कारण तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

पाणी एका दिवसांत भरूं नये. पाव पेटी भरावी व दोन दिवस थांबावें. मग अर्धी, मग पाऊण. खालच्या बिऱ्हाडांत कडीला दोन्ही टोंकांच्या मधोमध ताणलेली दोरी बांधून ठेवली तर कडी किती लवली तें पट्टीनें मोजतां येतें. प्रत्येक वेळीं भर थोडीशी व सारखी असेल तर ठीक. पाणी तितकेंच असतांना मोजमाप वाढत गेलें तर पेटी तत्काळ रिकामी करावी. या खोळंब्यानें माशांच्या हौसेचें कांहीं बिघडत नाहीं, कारण नव्या पेटींतील पाणी मासे सोडण्यायोग्य होण्यास, म्हणजे त्यांच्या मलमूत्रांतील विषारी द्रव्य पचविणारे जंतु वाळूंत वाढण्यास, एरवींहि कांहीं आठवडे लागतातच.