अक्षहृदय आणि पण

कार्तिक शुद्ध प्रतिपदा म्हणजे बलिप्रतिपदा. या दिवशी सुवासिनी पतीला ओवाळतात, व्यापारी नव्या वह्यांचा प्रारंभ करतात आणि बळिराजाचे स्मरण घरोघरी होते. याच तिथीचे द्यूतप्रतिपदा हे दुसरे नाव मात्र आता बहुधा पंचांगातच वाचावयास मिळते. या दिवशी शिवपार्वती फाशांनी खेळले आणि जगन्मातेने डाव जिंकला, अशी कथा आहे. म्हणून प्रातःकाळी आप्तांच्या संगतीत थोडा वेळ द्यूत खेळावे, असा संकेत रूढ झाला. एक तिथी, घरचीच माणसे आणि हौसेपुरता खेळ, अशी मर्यादा त्या संकेतातच होती.

मुंबईच्या उपनगरांनी हा संकेत आपल्या परीने सांभाळला. बोरिवली-अंधेरीहून चर्चगेटकडे आणि मुलुंड-घाटकोपरहून बोरीबंदरकडे धावणाऱ्या लोकलगाडीत चार मांड्यांवर एक ब्रीफकेस आडवी ठेवून रमीचे वा मेंढीकोटाचे डाव रंगत. त्या खेळाला एक नैसर्गिक शेवट असे. स्थानक आले की पाने गोळा करून मंडळी उतरत. पुढे पत्त्यांचा जोड भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेला. त्या पडद्याला स्थानक नाही, संध्याकाळ नाही, आणि समोर कोण बसले आहे हेही दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका मंदिरात आम्ही उत्तररंगात नलाख्यान लावले होते. आरती झाल्यावर तिशीचा एक तरुण थांबून राहिला. म्हणाला, "बुवा, ऋतुपर्णाने नळाला शिकवले ते गणितच ना? मीही ते शिकलो आहे." पडद्यावरच्या पोकरमधला एक डाव त्याने आम्हांला कागदावर मांडून दाखविला. वाचकांसाठी तो येथे देतो, कारण त्या पोराचा हिशेब खरोखरच निर्दोष होता.

या खेळात प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात आणि मध्ये पाच पाने उघडी पडतात; आधी तीन, मग एक, शेवटी एक. या सातांतून ज्याची पाच पाने श्रेष्ठ, त्याची मधली रास. तरुणाच्या हाती बदामाची नव्वी व अठ्ठी होती. उघडी पडली बदामाची सत्ती, बदामाची दुर्री आणि किल्वरची दश्शी. अद्याप काहीच जुळले नव्हते. परंतु आणखी एक बदाम आला तर पाच बदाम होत होते, आणि छक्की किंवा गुलाम आला तर पाच पाने ओळीने लागत होती. उरलेले बदाम ९. छक्क्या आणि गुलाम मिळून ८. त्यांतले दोन बदाम आधीच मोजलेले. म्हणजे न दिसलेल्या ४७ पानांत १५ पाने त्याची. दोन पाने उघडायची असताना त्यांपैकी एक तरी पडण्याचा संभव शेकडा ५४. एकच पान उरले तर तो शेकडा ३३च्याही किंचित खाली येतो.

समोरचा गडी आक्रमक होता. हाती पान असो वा नसो, दर फेरीला बोली चढवून दुसऱ्याला दडपायचे, ही त्याची रीत. राशीत १०० असताना त्याने १०० लावले. ते भरले तर १०० देऊन २०० मिळण्याची आशा. म्हणजे तीनांत एकदा जिंकले तरी हानी नाही. म्हणून जाणते खेळाडू असा हात आला की दोन्ही पाने यायची असतानाच उलट बोली चढवितात. पोकळ धमकी देणारा असेल तर तो पाने टाकतो; हटला नाही तरी निम्म्याहून अधिक संभव आपल्या बाजूचा. नुसते भरत राहिले आणि पहिले पान वाया गेले, तर तोच गडी पुन्हा दडपतो, आणि तेव्हा संभव तिसऱ्या हिश्शावर आलेला असतो.

ऋतुपर्णाची विद्या याच जातीची होती. महाभारताच्या वनपर्वात तो धावत्या रथातून बेहड्याचा वृक्ष पाहतो आणि दोन फांद्यांवर २०९५ फळे आहेत असे सांगतो. नळ रथ थांबवून, झाड पाडून फळे मोजतो. संख्या तंतोतंत जुळते. अश्वविद्येच्या बदल्यात त्याला अक्षहृदय मिळते आणि कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. कॅनडाचे तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या इतिहासावरील १९७५ सालच्या ग्रंथात या कथेची दखल घेतली आहे. वेदकाळचे फासे याच बेहड्याच्या फळांचे असत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात उद्ध्वस्त जुगाऱ्याचा जो विलाप आहे, तो त्यांच्याच पायी.

तरुण म्हणाला, "हिशेब बरोबर असूनही हाच हात लागोपाठ तीनदा हरलो, बुवा. चौथ्यांदा घराच्या हप्त्याचे पैसे लावले. तेही गेले. बायकोला अजून सांगितलेले नाही."

शेकडा ५४ म्हणजे शेकडा ४६ वेळा हार. अशा तीन हारी ओळीने येण्याचा संभव जवळजवळ दहांत एक आहे. त्यात दैवाचा कोप नाही आणि समोरच्याचे कपटही नाही. शंभर डावांची सरासरी ज्याला शंभर डाव परवडतात त्याच्या उपयोगी पडते. हप्त्याचे पैसे लावणाऱ्या गृहस्थाजवळ एकच डाव असतो, आणि तेथे सरासरी धावून येत नाही. आम्ही त्याला एवढेच म्हटले, "बाळा, तू पाने मोजलीस, पण नाही मोजलास. आज घरी जाऊन आधी तिला सांग."

नलाख्यानातही हा भेद आहे. पहिल्या द्यूतात सर्वस्व हरल्यावर पुष्कराने दमयंतीला पणास लावण्याचे सुचविले; नळाने ते मानले नाही आणि तो एका वस्त्रानिशी बाहेर पडला. अक्षहृदय मिळवून परतल्यावर मात्र त्याने स्वतःच दमयंतीला पणात धरले. तो जिंकला, त्याने पुष्कराला क्षमा करून त्याचा वाटाही दिला, म्हणून कीर्तनांत या गोष्टीवर फारसे कोणी बोलत नाही. आम्हांला मात्र तेथे नेहमी थांबावेसे वाटते. अज्ञानी नळाने जे राखले, ते विद्यावान नळाने पणात टाकले. मोजण्याची विद्या संभव किती ते सांगते; काय लावू नये, हे ती सांगत नाही. धर्मराज तर शकुनीपुढे हरत गेला आणि प्रत्येक हारीनंतर पण वाढवीत गेला.

राज्यव्यवस्थेलाही हा प्रश्न सुटा करणे सोपे गेले नाही. १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्यात कौशल्य की दैव हा भेदच बाजूला ठेवून पैसे लावून चालणाऱ्या अशा सर्व खेळांवर बंदी घातली. शिक्षा खेळ चालविणाऱ्याला सांगितली आहे, खेळणाऱ्याला नव्हे. त्याच महिन्यात मोठ्या पोकर कंपन्यांनी पैशांचे डाव थांबविले. कायद्याची दृष्टीही शेवटी पानांवरून पणाकडे वळली, असे आम्ही समजतो.

तेव्हा वाचकहो, पाडव्याच्या सकाळी मुलांना अवश्य खेळू द्या. सारीपाट मांडा, पत्ते वाटा, ४७ पानांत १५ कशी मोजायची तेही शिकवा. पणाला चिंचोके ठेवा आणि फराळाची हाक आली की डाव मोडा. फासा पडतो त्याला मराठीत आपण दान म्हणतो, आणि ज्या बळीचा हा दिवस, त्यानेही तिसऱ्या पावलासाठी स्वतःचे मस्तक दिले ते दानच. त्याने जे दिले ते त्याचे स्वतःचे होते. घराचा हप्ता आणि मुलांची फी एकट्याची नसते. ती पणाला लावण्याचा अधिकार घरातील कोणालाही नाही.