‘हवामान कोरडे राहील’ म्हणजे घाटकोपरकरांनी नेमके काय समजायचे?

दिवाळी उरकली, थंडीची चाहूल लागली की हवामान खात्याच्या अंदाजात एक वाक्य हमखास येते : ‘कोकणात हवामान कोरडे राहण्याची शक्यता.’ हे वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत मोहल्ल्यात पोहोचले की आमच्याकडे विचारणा सुरू होते. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीच्या पायऱ्यांवर तर हमखास : ‘अहो, कोरडे म्हणतायत, म्हणजे पाणीकपात होणार का?’ विचारणारे बहुतेक मराठवाड्यातून किंवा सोलापूरकडून आलेले बुजुर्ग असतात. ज्यांनी गावात दुष्काळ पाहिलाय, इस्तिस्काच्या नमाजसाठी माळरानावर सफा लावल्यात, त्यांना ‘कोरडे’ या शब्दाची धडकी भरणारच.

तर आधी ही भीती बाजूला करू. मुंबईचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सांताक्रूझ वेधशाळेत या काळात सरासरी 2,200 ते 2,300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस मोजला जातो. परतीचा पाऊस साधारण 8 ऑक्टोबरच्या सुमारास मुंबईचा निरोप घेतो. त्यानंतर नोव्हेंबर-डिसेंबरची सरासरी म्हणजे जेमतेम एखाद-दोन सरी. मुळात सरासरीच एवढी तुटपुंजी, मग ‘सरासरीपेक्षा कमी’ झाला काय आणि ‘सरासरीइतका’ झाला काय, आपल्या नळाला फरक पडत नाही. भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात तलावांची मिळून क्षमता सुमारे 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर. 1 ऑक्टोबरला त्यात किती साठा आहे हे पाहून महापालिका पुढच्या जुलैअखेरपर्यंतचे गणित मांडते. 2024 मध्ये 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के पाणीकपात झाली, ती काही कोरड्या डिसेंबरमुळे नव्हती. आदल्या पावसाळ्याचा हिशेब तोकडा पडला म्हणून होती.

मग कोरड्या अंदाजाचा आपल्याशी संबंध कशात? पाण्यात नाही, श्वासात आहे.

पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, ओला असतो, आणि रोजचा पाऊस हवेतली धूळ धुऊन काढतो. नोव्हेंबरात वाऱ्याचे तोंड फिरते. तो उत्तरेकडून, ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून वाहू लागतो. दख्खनच्या पठारावरून येणारी ही हवा आधीच कोरडी, त्यात सह्याद्री उतरताना ती दाबली जाते, तापते आणि आणखी कोरडी होते. म्हणून तर नोव्हेंबरात दुपारी पारा 33-34 अंशांवर असतो आणि पहाटे 20-21 वर येतो. स्वेटर घालायचा की पंखा लावायचा, असा हा मोसम. याच काळात तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो, कारण तिकडे पोहोचणारा वारा बंगालच्या उपसागरावरून पाणी उचलून येतो. आपल्याकडे येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत समुद्र नाही.

आता पहाटेची गोष्ट. रात्री आभाळ निरभ्र असले की जमीन झपाट्याने थंड होते. जमिनीलगतची हवाही गार आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. गार हवा वर जाऊ शकत नाही. दम बिर्याणीच्या हंडीला कणीक लावून झाकण बंद करतात ना, अगदी तसे. खाली गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, कुणी पेटवलेला कचरा, सगळे त्या झाकणाखाली अडकून राहते. सूर्य वर आला, जमीन तापली, दुपारी समुद्राकडून वारा सुटला की झाकण उघडते. पाऊस नाही आणि वाराही मंद, असे चार-पाच दिवस लागोपाठ आले, तर रोजचा धूर कालच्या धुरावर चढत जातो.

यात घाटकोपरची जागा जरा अडचणीचीच. पश्चिमेला असल्फा आणि खंडोबा टेकडीची रांग, पूर्वेला ठाण्याची खाडी, मध्ये एलबीएस रोड, रेल्वे आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवे. समुद्राचा वारा आपल्यापर्यंत येतो तो कुर्ला-अंधेरी ओलांडून, उशिरा आणि दमून. पहाटेचा जमिनीवरचा वारा येतो खाडीकडून. त्या बाजूला कांजूरमार्ग आणि देवनार अशी दोन डम्पिंग ग्राऊंड आहेत. जानेवारी 2016 अखेर देवनारला लागलेली आग अनेकांना आठवत असेल. कित्येक दिवस गोवंडी-चेंबूरकडे धुराचे लोट होते आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ती आगसुद्धा याच कोरड्या मोसमातली.

आणखी एक धागा प्रशांत महासागरापर्यंत जातो. तिथले पाणी नेहमीपेक्षा थंड होते त्या स्थितीला ला निना म्हणतात. 2022-23 च्या हिवाळ्यात मुंबईची हवा इतकी का बिघडली, याचा अभ्यास ‘सफर’ या हवा-गुणवत्ता प्रणालीची उभारणी करणारे शास्त्रज्ञ डॉ. गुफरान बेग यांनी केला. लागोपाठ तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला निनामुळे वाऱ्यांची घडी बदलली, उत्तरेकडची प्रदूषित हवा दक्षिणेकडे ढकलली गेली आणि इकडे जमिनीलगतचा वारा मंदावला, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणून हिवाळ्याच्या अंदाजात ला निनाचा उल्लेख दिसला तर तो फक्त थंडीपुरता वाचू नये.

हवेचा आकडा पाहायचा तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ अॅप मोफत आहे. त्यात 50 पर्यंत चांगली, 100 पर्यंत समाधानकारक, 101 ते 200 मध्यम, 201 पासून पुढे वाईट. गफलत होते ती ‘मध्यम’वर. मध्यम म्हणजे ठीकठाक, असे आपण समजतो. मंडळाच्याच व्याख्येनुसार या टप्प्यात दमा आणि हृदयविकाराचे रुग्ण, मुले आणि म्हातारी माणसे यांना त्रास होऊ शकतो. मुंबईच्या हिवाळ्यातले बरेच दिवस याच खान्यात पडतात.

आणि झाकण सर्वांत घट्ट असते ते सूर्योदयाच्या आगेमागे. म्हणजे आपली फजरची जमात, आणि त्यानंतर मक्तबला जाणारी चिल्लीपिल्ली. जमात सोडा असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. पण ज्यांना दमा आहे त्यांनी तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बारीक कण रुमालातून आरपार जातात, त्याला एन-95 मास्कच लागतो. हायवेच्या कडेने येण्यापेक्षा आतल्या गल्लीने यावे. फजरनंतर वॉकला जाण्याची सवय असेल तर या दोन महिन्यांपुरते ते फिरणे असरच्या आधी उरकावे, त्या वेळी हवा त्यातल्या त्यात मोकळी असते. मगरिबनंतर फिरण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मगरिब सहाच्या सुमारास, वर्षातली सर्वांत लवकर होते, आणि त्यानंतर रस्त्यावर ट्रॅफिकचा कहर असतो.

मस्जिदीच्या विश्वस्तांनाही एक विनंती. जाजम कोरड्या झाडूने झटकले की पहिल्या सफेतली धूळ शेवटच्या सफेतल्या माणसाच्या छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, जमल्यास व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा. लोबान, ऊद, अगरबत्ती खिडक्या उघड्या ठेवून लावावी. ऐकायला कडू वाटेल, पण बंद हॉलमधला सुगंधी धूर हासुद्धा धूरच असतो.

बेकऱ्यांचा विषय टाळून चालणार नाही, कारण त्यात आपल्यातल्या अनेकांची रोजीरोटी आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या आणि तंदूर यांना सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. भट्टीचा धूर आधी त्याच गल्लीतल्या पोरांच्या नाकात जातो, तेव्हा हा बदल आम्हाला योग्यच वाटतो. पण लहान बेकरीवाल्याला नवी भट्टी बसवायचा खर्च झेपत नाही हेही खरे, आणि शेजारच्या टॉवरच्या कामावर हिरवी जाळी लटकते, पाणी मात्र मारले जात नाही, हेही आपण रोज पाहतो. नियम पाव भाजणाऱ्याला जितका कडक, तितकाच बिल्डरलाही हवा.

गावाकडच्यांसाठी मात्र हाच अंदाज खुशखबर आहे. महाड, म्हसळा, श्रीवर्धन, खेड-चिपळूणकडे ज्यांचे घर आहे त्यांना सांगायला नको : कापलेला भात भिजत नाही, भातानंतर पेरलेला कडवा वाल जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर वाढतो, आणि हापूसला मोहोर यायला कोरडी, गार रात्र लागते. अवेळी पाऊस झाला तर पुन्हा पालवी फुटते, नाहीतर मोहोरावर करपा आणि भुरी. मार्चची पेटी किती रुपयांना मिळणार, याचा निकाल थोडाफार डिसेंबरातच लागतो.

शेवटी एक सावधगिरी. दोन-तीन महिन्यांचा अंदाज हा एकूण कल सांगतो, तारीख सांगत नाही. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर धडकले. डिसेंबर 2017 मध्ये ‘ओखी’मुळे मुंबईत पाऊस झाला, शाळांना सुट्टी द्यावी लागली. 1 डिसेंबर 2021 लाही छत्र्या बाहेर काढाव्या लागल्या होत्या. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र कधी बनेल ते महिनाभर आधी कळत नाही. ते चार-पाच दिवस आधीच्या अंदाजात दिसते. तेव्हा डिसेंबरात मैदानात निकाहचा मांडव घालणार असाल तर मंडपवाल्याला ‘कोरडे आहे’ म्हणून साधे कापड सांगून मोकळे होऊ नका. आठवडाभर आधीपासून कुलाब्याच्या हवामान केंद्राचा रोजचा अंदाज बघा, आणि ताडपत्रीचा भाव आत्ताच ठरवून ठेवा.