सिंहस्थाचा गुरू आणि शनीची ओढ

बारा वर्षे नव्हे, 11.86

गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ: 2003, 2015, आता 2026-27. बारा हा ढोबळ आकडा. गुरूची फेरी 11.86 वर्षांची. ग्रहांना चालवणारे न्यूटनचे नियम काळ उलटा फिरवला तरी तेच राहतात. मग निरीक्षणांत गुरूचा वेग सतत वाढताना आणि शनीचा घटताना का दिसला? गुरूच्या पाच फेऱ्या (59.3 वर्षे) शनीच्या दोन फेऱ्यांशी (58.9) जवळपास जुळतात, त्यामुळे दोघांची एकमेकांवरची किरकोळ ओढही साचत जाते. पण हा सुमारे 900 वर्षांचा चढउतार आहे, कायमचा बदल नव्हे, हे गणितज्ञ लाप्लासने 1785च्या सुमारास दाखवले.

मग अशा ओढीखाली कक्षा कायम टिकतात का? कोल्मोगोरोव्ह (1954), मोझर (1962) आणि आर्नोल्ड (1963) या गणितज्ञांचा निष्कर्ष: ओढ पुरेशी लहान असेल, तर फेऱ्यांच्या काळांच्या साध्या गुणोत्तरांपासून दूर असलेल्या बहुतेक कक्षा किंचित वाकून टिकतात. मोझरने हा निष्कर्ष काळ उलटवता येणाऱ्या प्रणालींनाही लागू केला.