घरच्या शुश्रूषेचे अर्थसाहाय्य आणि अर्जांची परिभाषा

प्रस्तुत लेखात एका व्यावहारिक प्रश्नाचा भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे. रुग्ण घरीच अंथरुणाला खिळलेला असताना त्याच्या औषधपाण्यासाठी व शुश्रूषेसाठी सरकारी साहाय्य मिळवू पाहणाऱ्या कुटुंबास कोणते शब्द माहीत असावे लागतात, हा तो प्रश्न होय. उदाहरणासाठी पालघर व बोईसर-तारापूर हा परिसर घेतला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि बोईसरलगत तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. वारली, कातकरी, वाडवळी, मांगेली ह्या बोली, गुजराती आणि बाहेरून आलेल्या कामगारांची हिंदी व भोजपुरी येथे शेजारी शेजारी नांदतात. अर्जाची मराठी मात्र ह्यांपैकी कोणाच्याच घरची नव्हे.

ह्या परिभाषेतील सर्वांत वजनदार शब्द ‘दाखल’ हा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली निराळ्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लक्ष रुपये करण्याचा निर्णय झाला. रक्कम मोठी आहे. परंतु तिची रचना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांभोवती झालेली असल्यामुळे, रुग्ण घरी परतल्यावर लागणारी कूस बदलणारी माणसे, लंगोट, व्यायाम करवून घेणारा, ह्यांचा खर्च तिच्या कक्षेत येत नाही. ‘शुश्रूषा’ ह्या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. त्यावरून तो सेवेकडे वळला. घरातील ही सेवा अर्जाच्या भाषेत जवळजवळ निनावीच राहिली आहे.

तथापि घरी असलेल्या रुग्णास काहीच मिळत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. साहाय्य आहे, ते निरनिराळ्या नावांखाली विखुरलेले आहे. त्यांतील चार नावे येथे पाहू.

(१) विमेदार. १९४८ च्या अधिनियमाने उभी राहिलेली राज्य कामगार विमा योजना २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्या कामगारास लागू होते. कंत्राटी कामगारही तीत येतात. आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी रुग्णालयात खाट अडवून बसण्याची अट नाही. कामावर जाण्यास असमर्थ असल्याचे योजनेच्या वैद्याचे प्रमाणपत्र लागते. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असणेही आवश्यक आहे. ठरावीक ३४ दीर्घ आजारांत हा लाभ ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो, मात्र त्यासाठी आधीची दोन वर्षे विमाबद्ध नोकरी असावी लागते.

(२) निराधार. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. ‘ज्याचे कोणी नाही तो’ असा ह्या शब्दाचा बोलीतील अर्थ. त्यामुळे मुलेबाळे असलेली कुटुंबे हा अर्ज आपला नव्हेच असे समजतात. वस्तुतः पक्षाघात, कर्करोग, क्षय, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारांनी ग्रासलेले ६५ वर्षांखालील रुग्णही योजनेच्या व्याख्येत येतात. अर्ज तहसीलदाराकडे करावयाचा असतो. उत्पन्नाची मर्यादा कडक आहे, आणि राज्यात १५ वर्षे वास्तव्याची अट असल्यामुळे नुकताच आलेला परप्रांतीय कामगार ह्या दारातून आत येऊ शकत नाही. ६५ वर्षांपुढील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे.

(३) दिव्यांग. २०१६ च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. संजय गांधी योजनेतील दिव्यांगांचे अनुदान २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. म्हणजे एकाच योजनेत ह्या एका शब्दाचे मोल महिना १,००० रुपये आहे.

(४) क्षयरुग्ण. क्षयाचे औषधोपचार बहुधा घरीच चालतात. २०१८ पासून रुग्णास पोषणासाठी मासिक ५०० रुपये थेट बँक खात्यात मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. येथे ‘निराधार’ असण्याची गरज नाही. सरकारी वा खाजगी वैद्याकडून रुग्णाची रीतसर नोंद झालेली असावी आणि खात्याचा तपशील दिलेला असावा, एवढे पुरते.

आता समजा, तारापूरच्या एखाद्या कारखान्यातील कामगाराच्या अंगावरून वारे गेले. घरचे लोक ‘वारे गेले’ एवढेच सांगतील. विमा दवाखान्यात ह्याच घटनेचे नाव दीर्घ आजार, तहसील कचेरीत पक्षाघात, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे चलनविषयक दिव्यांगत्व. तीन शब्द, तीन कागद, तीन रांगा, रुग्ण एकच. हेच दुखणे त्याच्या वृद्ध आईस झाले, तर तिला विमा दवाखान्यात उपचार मिळतील, परंतु तिच्या उशाशी बसण्यासाठी मुलाने बुडविलेल्या रोजाची भरपाई आजारपणाच्या लाभातून होणार नाही.

उशाशी बसणाऱ्या ह्या व्यक्तीस कायद्याने अगदीच विसरलेले नाही. २०१६ च्याच अधिनियमाच्या २४ व्या कलमात, अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद सुचविली आहे; मात्र ती शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. केरळने आश्वासकिरणम् योजनेखाली शय्याग्रस्तांची काळजी घेणाऱ्यांस मासिक ६०० रुपये ठरविले. रक्कम अल्प असली तरी सेवा करणाऱ्यास तेथे स्वतंत्र नाव मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

ह्या विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कुटुंबाने घरी परतण्यापूर्वीच वैद्याकडून रोगाचे नेमके नाव, असमर्थतेचा कालावधी आणि दिव्यांगत्वाची शक्यता कागदावर लिहून घ्यावी. कारण पुढील प्रत्येक कचेरी ते शब्दच वाचते, रुग्णास पाहत नाही. आणि अर्ज रचणाऱ्यांनी पारिभाषिक शब्दाशेजारी लोकांचा शब्द छापावा. ‘पक्षाघात’ ह्याच्या पुढे ‘अंगावरून वारे जाणे’ एवढे तीन शब्द, आणि वारली पाड्यांवर तेथील बोलीतला शब्द, छापण्यास फारसा खर्च नाही. न छापल्याचा खर्च मात्र अंथरुणावरच्या माणसास सोसावा लागतो.