रिकाम्या खाटा आणि डॉक्टरचा उत्साह

गेल्या वर्षीच्या आपल्या स्नेहमेळाव्यात, नुकतेच एम.डी. झालेल्या एका तरुण सहकाऱ्याने जेवणाच्या रांगेत मला विचारले, "मॅडम, पेडण्यात स्वतःचे हॉस्पिटल काढावे असे मनात आहे. पण वीस-पंचवीस वर्षे तोच उत्साह टिकतो का हो?" हातात ताट, मागे रांग. "टिकतो, टिकतो," असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते उत्तर माझे मलाच खटकले. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा तोच प्रश्न पुन्हा हाती घ्यावा असे ठरवले.

आपण डॉक्टर मंडळी स्वतःला उद्योजक म्हणवून घ्यायला बिचकतो. 'धंदा' हा शब्द तर आपल्याला शिवीसारखा लागतो. परंतु कर्ज काढून इमारत उभारणारा, दर महिन्याच्या सात तारखेला दहा-बारा जणांचे पगार करणारा, जनरेटरचे डिझेल आणि ऑक्सिजनचे सिलिंडर यांचा हिशेब ठेवणारा माणूस उद्योजक नाही तर कोण? २००२ साली मी डिचोलीत दहा खाटांचे बालरुग्णालय सुरू केले. मुलांचे आजार मला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात उत्तम शिकवले गेले होते. कर्जाचा हप्ता म्हणजे काय, हे मात्र मी डिचोलीत शिकले.

उद्योजकांसाठी लिहिलेली पुस्तके मी काही काळ आवडीने वाचली. ध्येय लिहून भिंतीवर लावा, यशाचे चित्र डोळ्यांसमोर आणा, असा उपदेश त्यांत असतो. तो इतरांना उपयोगी पडत असेल. बालरोगतज्ज्ञाची अडचण अशी की, त्याने यशाचे चित्र डोळ्यांसमोर आणायचे म्हणजे नेमके काय आणायचे? दहाच्या दहा खाटा भरलेल्या? म्हणजे दहा घरांत आजारी मूल! चपलांच्या दुकानदाराने गिऱ्हाईक वाढावे अशी इच्छा धरली तर त्यात कोणाचे वाईट नसते. आपल्या व्यवसायात तेजीचा अर्थ निराळा आहे. ही गोष्ट आपण सारे जाणतो आणि तिच्याविषयी फारसे बोलत नाही.

आपल्या भागात मुलांच्या आजारांचे ऋतू ठरलेले असतात. जूनमध्ये पाऊस लागला की ताप, जुलाब, पुढे डेंग्यू. थंडीत तान्ह्या मुलांचा छातीचा घरघराट. चवथीला दोन-तीन दिवस शांतता आणि चवथीनंतर पुन्हा गर्दी. मार्च उलटला की काजूच्या हंगामात आणि शाळांच्या सुट्टीत वॉर्ड ओस पडतो. पहिली काही वर्षे माझे मनही या ऋतूंप्रमाणे वर-खाली होत असे. ऑगस्टमध्ये दुसरा मजला चढवण्याचे बेत, तर मे महिन्यात रुग्णालय विकून सरकारी नोकरीचा अर्ज करण्याचे विचार. दोन्ही विचार त्या त्या वेळी अगदी तर्कशुद्ध वाटत, ही त्यातली गंमत.

याला उपाय सापडला तो माझ्याच टेबलावर. वाढीच्या तक्त्यावर आपण मुलाचे एकच वजन पाहून निष्कर्ष काढत नाही. जुलाब झाले की वजन उतरते, पुढच्या दोन महिन्यांत ते भरून निघते. पाहायची असते ती रेषा. काळजीने कोमेजलेल्या कितीतरी आयांना मी हे समजावले असेन, परंतु स्वतःच्या रुग्णालयाला मात्र रोज सकाळ-संध्याकाळ तराजूत बसवत होते. एका उन्हाळ्यात मी आलेखाचा कागद घेऊन सुरुवातीपासूनच्या प्रत्येक महिन्याची बाह्यरुग्णसंख्या मांडली. दर एप्रिल-मेमध्ये तोच खड्डा, दर जुलैत तीच टेकडी, आणि एकूण रेषा सावकाश वर जाणारी. त्या दिवसापासून उन्हाळ्याच्या उदासीला मी आजार समजणे सोडून दिले.

परंतु तक्ता मनाला धीर देतो, हप्ता भरत नाही. याची प्रचिती २०१२ मध्ये आली.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. डिचोलीत राहणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. ट्रकांच्या रांगा नाहीशा झाल्या, रस्त्यांवरची लाल धूळ बसली आणि तिच्याबरोबर बाजारही बसला. कर्जाने घेतलेले ट्रक दारात उभे. ट्रकवाला, गॅरेजवाला, टायरवाला, चहाचा गाडा चालवणारा, सगळे एकाच साखळीत. त्यांची मुले माझे रुग्ण होती. "दोतोर, पयशे मागीर दितां," हे वाक्य पूर्वी आठवड्यातून एकदा ऐकू येई, ते आता दिवसातून तीनदा येऊ लागले. दुर्दैवाने त्याच्या आदल्या वर्षीच मी दुसऱ्या मजल्यासाठी नवे कर्ज घेतले होते.

आता जे लिहिणार आहे ते आजवर फारसे कोणाला सांगितलेले नाही. २०१३ च्या मे महिन्यातील एक संध्याकाळ. दहापैकी आठ खाटा रिकाम्या, हप्त्याची तारीख दोन दिवसांवर आणि खात्यात पुरेशी रक्कम नाही. दोडामार्गच्या बाजूने एक जोडपे दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आले. दिवसभर जुलाब, दोन वेळा उलटी, डोळे किंचित खोल, परंतु मूल शुद्धीवर, चिडचिडे, पाणी पुढे केले की अधाशासारखे पिणारे. मध्यम शुष्कता. अशा मुलाला समोर बसवून, किलोला ७५ मिलिलिटर या हिशेबाने चार तासांत जलसंजीवनी पाजायची आणि मग पुन्हा तपासायचे, हे मी शिकाऊ डॉक्टरांना कैक वेळा शिकवले होते. त्या संध्याकाळी माझ्या हाताने कागदावर 'भरती करा, सलाईन लावा' असे लिहिले.

आमच्या सिस्टरांनी कागद वाचला, मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, आधी ओआरएस पाजून बघूया ना? पितोय चांगला." बस, इतकेच. त्यांच्या स्वरात आरोप नव्हता. मी कागद परत घेतला आणि लिहिलेले खोडले. रात्री दहाच्या सुमारास ते मूल हसत घरी गेले. सलाईनने त्याचे काही वाईट झाले नसते, घरच्यांनी आभारच मानले असते आणि मला कोणी जाब विचारला नसता. म्हणूनच तर ते भयंकर होते. मी लबाडी करायची असे ठरवून ते लिहिले नव्हते. रिकाम्या खाटा माझ्या निदानात शिरल्या होत्या आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

१९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे उलट अडचण होती. पटकीचे रुग्ण असंख्य आणि सलाईन संपत आलेले. त्यांनी मीठ-साखर-सोड्याचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांकरवी पाजले आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. छावणीत सलाईन नसल्यामुळे जे सिद्ध झाले, ते सलाईन उपलब्ध असलेल्या माझ्या वातानुकूलित खोलीत मी विसरू पाहत होते.

त्या रात्री मी काही नियम ठरवले. उत्साह टिकवण्याचे माझे जे काही तत्त्वज्ञान आहे ते त्या लाजेतून आलेले आहे. पहिला नियम असा की, भरतीचा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला आज किती खाटा भरल्या आहेत आणि किती जमा झाले, हे ठाऊक असता कामा नये. जमाखर्चाची वही तेव्हापासून यजमानांच्या ताब्यात गेली. महिन्याच्या पाच तारखेला आम्ही दोघे ती उघडतो, एरवी मी तिला हात लावत नाही. राउंडला मी प्रत्येक मुलाजवळ जाते, परंतु खाटा मोजत नाही. ऐकायला हे पोरकट वाटेल, मात्र मोजण्याची सवय सुटायला मला सहा महिने लागले.

दुसरा नियम आर्थिक आहे आणि तरुण मित्रांनी तो कर्ज घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावा: हप्ता बाह्यरुग्ण विभाग आणि लसीकरण यांच्या उत्पन्नातूनच फिटला पाहिजे. भरती झालेल्या मुलांचे उत्पन्न हप्त्याच्या हिशेबात धरायचेच नाही. ते आले तर दुरुस्ती, उपकरणे, पगारवाढ यांसाठी. या नियमात बसण्यासाठी मी कर्जाची मुदत वाढवून हप्ता लहान करून घेतला आणि दुसऱ्या मजल्याचे काम अर्ध्यावर थांबवले. बिनगिलाव्याच्या त्या भिंती पुढे चार वर्षे लोकांना दिसत होत्या. सुरुवातीला मला त्यांची लाज वाटे. या नियमालाही मर्यादा आहे, हे २०२० च्या टाळेबंदीने दाखवले. शाळा बंद, मुले घरात, बाह्यरुग्ण विभागच ओस पडला. तेव्हा हप्त्यांना मिळालेली सवलत कामी आली आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवण्याचा आणखी एक नियम वाढला.

उत्पन्नाची दुसरी वाट म्हणून मी आठवड्यातून दोन दुपारी पेडण्यात बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. अस्नोडा, कोलवाळ, धारगळ असा प्रवास करून पोहोचायचे, तर कधी तीन मुले, कधी एक, आणि पुनवेच्या जत्रेच्या सुमारास एकही नाही. मुलांचा डॉक्टर म्हणजे म्हापसा, ही लोकांची पिढ्यांची सवय. त्या काळात मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची वारंवार आठवण येई.

लक्ष्मणराव आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातले, जन्म १८६९ चा. मुंबईला चित्रकला शिकायला गेले आणि तेथे लक्षात आले की त्यांना अंशतः रंगांधळेपणा आहे. आपण डॉक्टर अशा वेळी प्रमाणपत्र देऊन मोकळे होतो. त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक आरेखन धरले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या ३२ एकर माळरानावर १९१० मध्ये त्यांनी पुन्हा कारखाना मांडला. तीच आजची किर्लोस्करवाडी.

ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात वेगळे दिसते. नांगर खपत नव्हता तेव्हा त्यांच्यापाशी दुसरी कामेही होती. साऱ्या आशा एकट्या नांगरावर टांगलेल्या नव्हत्या. शिवाय वस्तू उपयोगाची आहे याची खात्री त्यांना विक्रीच्या आकड्यावरून करून घ्यायची नव्हती, ती जमिनीत दिसत होती. पेडण्याच्या रिकाम्या दुपारी मीही तेच करू लागले. रुग्ण नसेल त्या वेळात आधीच्या मुलांचे वाढीचे तक्ते काढून बसायचे, कोणाची लस चुकली आहे ते पाहायचे, त्या घरी फोन करायचा. दीड-दोन वर्षांनी बाक भरू लागला. नेमके कशामुळे ते सांगता येणार नाही. फोनमुळे असावे असे मला वाटते.

उधारीविषयी थोडक्यात सांगते. खाणबंदीत मी निराळी वही ठेवली, नावांपुढे रक्कम लिहिली, परंतु तगादा कधीच लावला नाही. बहुतेकांनी पुढच्या तीन-चार वर्षांत स्वतःहून फेडले, एकाने तर काजूगर आणून. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या तेव्हा तीच वही पुन्हा उघडली आणि या वेळी मला रात्रीची झोप लागत होती. आता लिलावानंतर काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत; वही कपाटात आहे.

विश्रांती, व्यायाम, गाणे यांवर इतर सहकाऱ्यांनी लिहिले आहेच. एवढेच नोंदवते की साखळीच्या एका सहकाऱ्याशी सुट्ट्यांची अदलाबदल ठरवल्यापासून माझा चिडखोरपणा निम्म्याने कमी झाला, असे घरच्यांचे मत आहे.

दरम्यान आपल्या व्यवसायाचा पायाच बदलतो आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. पंचगुणी लस आली, २०१९ पर्यंत रोटाव्हायरसची लस देशभर सरकारी कार्यक्रमात आली, पाठोपाठ न्यूमोकोकसची. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत जुलाबाने सुकलेल्या आणि न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या मुलांनी पावसाळ्यात खाटा भरत. आता त्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी घटली आहे. ज्या लसी आपण स्वतःच्या हाताने टोचतो त्याच आपला वॉर्ड रिकामा करत आहेत. भरलेल्या वॉर्डावर ज्याचा उत्साह अवलंबून आहे, त्याला यापुढे दरवर्षी थोडे अधिक निराश व्हावे लागेल. मी चार खाटा काढून टाकल्या. तेथे आता स्तनपान मार्गदर्शन, वाढ व विकासाची तपासणी आणि वाफाऱ्यासाठी दोन-तीन तास थांबणाऱ्या मुलांची सोय आहे. उत्पन्न कमी झाले नाही, फार वाढलेही नाही.

त्या तरुण सहकाऱ्याला आता सविस्तर उत्तर देता येईल. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडणे बदलले आहे. नवी वस्ती येत आहे, मोठी रुग्णालयेही येतील. आपण जरूर हॉस्पिटल काढा, पण दहा खाटांनी सुरू करायचे असेल तर सहांनी करा. आणि चुकीचा कागद परत करण्याचे धैर्य असलेली एक तरी अनुभवी सिस्टर आपल्याकडे असू द्या. तिचा पगार प्रामाणिकपणे बाकी सगळ्यांच्या आधी द्या.

आमच्या सिस्टर निवृत्त झाल्या. मागच्या महिन्यात नातवाला लस द्यायला घेऊन आल्या होत्या. सुई टोचून झाली, बाळ रडून शांत झाले, आणि जुन्या सवयीने त्यांनी विचारले, "आज किती ॲडमिट आहेत, डॉक्टर?" मी म्हणाले, "काउंटरवर विचारा, मला माहीत नाही." त्या हसल्या आणि नातवाचे कार्ड नीट घडी घालून पिशवीत ठेवू लागल्या.