रिंगा रिंगा रोझेस आणि माझी फजिती

फर्स्ट इयरला असताना मेसमध्ये एका सिनियरने मला 'रिंगा रिंगा रोझेस'चा 'खरा' अर्थ सांगितला होता. 1665 साली लंडनमध्ये प्लेग आला, अंगावर गोल लाल चट्टे उठायचे, दुर्गंधी टाळायला लोक खिशात फुलं ठेवायचे, मग शिंका सुरू, आणि शेवटी खाली पडणं म्हणजे खेळ खल्लास! ऐकून अंगावर काटा आला. मग काय, पुढची दोन वर्षं भेटेल त्याला हे सांगून मी भाव खाल्ला.

गेल्या दिवाळीत ताईच्या पाच वर्षांच्या मुलीलाही सांगून बसलो. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमधल्या पोरी गोल फिरत होत्या आणि ही एकटी जिन्यात. "मामा, मी नाही खेळणार. पडलं की मरतात." ताईने माझ्याकडे कसं पाहिलं ते इथे लिहीत नाही.

परत आल्यावर म्हटलं, निदान गोष्ट खरी आहे का ते तरी बघू. आणि मित्रांनो, पाया एकदम कच्चा निघाला! हे गाणं केट ग्रीनअवेच्या 'मदर गूज'मध्ये छापलं गेलं 1881 साली, म्हणजे त्या प्लेगनंतर दोनशे सोळा वर्षांनी. सॅम्युअल पेपिसने 1665 चा प्लेग डोळ्यांनी पाहून डायरीत लिहिला, पण त्यात या गाण्याचं नाव नाही. प्लेगचा अर्थ तर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पसरला. शिवाय लक्षणं जुळतात कुठे? 1897 च्या पुण्यातल्या प्लेगबद्दल वाचलेल्या कुणालाही विचारा, पहिली आठवते ती काखेतली-जांघेतली गाठ. गाण्यात गाठ नाहीच. आणि शिंक हे प्लेगचं लक्षण नव्हे, ते सर्दीचं!

बालगीतांच्या अभ्यासक आयोना आणि पीटर ओपी या जोडप्यानेही हा अर्थ नाकारला. गाण्याच्या कितीतरी जुन्या रूपांत शिंकच नाही.

हम्प्टी डम्प्टीचं प्रकरण तर मेकॅनिकलवाल्यांना आवडेल. 1643 च्या ग्लॉस्टरच्या वेढ्यात चाकांवरचं एक यंत्र फसलं, तेच हम्प्टी, असं 1956 साली डेव्हिड डोब या ऑक्सफर्डच्या कायद्याच्या प्राध्यापकाने लिहिलं. मूळ हेतू अशा 'गूढ अर्थां'ची टिंगल करण्याचा होता. पण लोकांनी ते खरं धरलं, त्यावर मुलांचा ऑपेरासुद्धा निघाला. मुळात ते एक कोडं आहे, उत्तर 'अंडं'. म्हणून तर गाण्यात अंडं हा शब्द नाही. उत्तर कोड्यातच कोण सांगेल?

सुट्टीत भाचीला हे सगळं (अंड्यासकट) सांगितलं. तिचा एकच प्रश्न, "मग सगळे खाली का पडतात?" म्हटलं, काही जुन्या रूपांत गुडघे वाकवून नमस्कार करतात, तसंच. तिने विचार केला, माझा हात धरून खाली ओढत नेलं आणि पहिल्यांदा मलाच पडायला लावलं.