कोळशाची नळी व आकाशलहरी

स्वयंपाकघरांतील कोळसा आणि दिवाणखान्यांतील रेडिओ यांचा कर्करोगाच्या उपचाराशीं संबंध आहे, असें आम्ही म्हटलें तर वाचक हंसतील. परंतु हा संबंध जोडण्याचा गंभीर प्रयत्न अमेरिकेंत झाला आहे.

पेनसिल्व्हेनियांतील ईरी येथील जॉन कँझियस यांचें आयुष्य रेडिओच्या धंद्यांत गेलें. २००२ सालीं त्यांस रक्ताचा कर्करोग जडला. औषधांचे हाल सोसतांना त्यांच्या मनांत आलें, कीं रेडिओच्या लहरी शरीरांतून सहज जातात, पण धातु त्यांनीं तापतो. मग रोगट पेशींतच असा कण पोंचविला तर? ते वैद्य नव्हते. तरी पत्नीच्या स्वयंपाकघरांतील ताटल्या घेऊन त्यांनीं घरींच यंत्र उभारलें.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रांतील शल्यवैद्य स्टीव्हन कर्ली व त्यांचे सहकारी यांनीं कण म्हणून कार्बनच्या नळ्या घेतल्या. कार्बन-अणूंचा एकेरी पत्रा गुंडाळावा, तशी ही नळी. जाडी सुमारें एक नॅनोमीटर, केसाहून हजारों पटींनीं बारीक. १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींत विद्युत्-क्षेत्र सेकंदास सुमारें १ कोटी ३६ लक्ष वेळां हेलकावतें. त्यासरशीं नळींतील विद्युत्कण मागेंपुढें धांवतात, अडखळतात, व त्या धडपडीची उष्णता होते.

२००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सशांच्या यकृतांतील गांठींत या नळ्या टोंचून लहरी सोडल्या. ४८ तासांनीं त्या गांठी पूर्ण मृत आढळल्या. मात्र भोंवतालचें २ ते ५ मिलिमीटर यकृतही भाजलें होतें.

खरी अडचण येथेंच आहे. एका गांठींत सुई टोंचणें सोपें. अंगभर विखुरलेल्या प्रत्येक रोगट पेशीपर्यंत, आणि केवळ तिच्यापर्यंतच, कण नेणें दुर्घट. शिवाय उष्णता कणांची, कीं भोंवतालच्या क्षारयुक्त द्रवाची, हा वादही शास्त्रज्ञांत झाला. कँझियस २००९ सालीं वारले. हा उपचार त्यांच्या वांट्यास आला नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं असा रोगी आहे, त्यांस आमचें सांगणें इतकेंच: सशाचा गुण तो माणसाचा गुण नव्हे. असल्या वार्तांनीं धीर जरूर धरावा. चालू उपचार मात्र एक दिवसही सोडूं नये.